पहिली दोन वर्षे साइटवर : गोव्यातील नवोदित स्त्री अभियंत्यांसाठी मार्गदर्शक

स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात मुली असणे ही गोव्यात आता कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. नवल वाटते ते त्यांतल्या एखादीने पदवी हाती पडल्यावर हेल्मेट चढवून पायाच्या खड्ड्याशी उभे राहायचे ठरवले की. तिला तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. नियुक्तीपत्रावर ‘साइट इंजिनिअर’ असे पदही लिहिलेले असते. मात्र पहिल्या आठवड्यात बिले तपासायला कुणी नसल्याने तिला कार्यालयात बसवले जाते, दुसऱ्या आठवड्यात ड्रॉइंगच्या प्रती लावण्याचे काम निघते, आणि वर्ष सरता सरता ती बिलिंगमध्ये तरबेज होते, पण तिच्या देखरेखीखाली एकही स्लॅब भरलेला नसतो. बिलिंग हे काम हलके मुळीच नाही. परंतु साइट न पाहता बिलिंगमध्ये शिरलेल्या माणसाला पुढे साइटवर परतणे फार अवघड जाते, आणि बांधकाम व्यवसायातील वरच्या बहुतेक पदांची वाट साइटवरूनच जाते. म्हणून सुरुवातीची दोन वर्षे साइटवर कशी मिळवावीत आणि कशी टिकवावीत, एवढ्याच प्रश्नाचा येथे क्रमाने विचार केला आहे.

शिक्षणाचा मार्ग निवडताना

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणे, किंवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी करणे, असे दोन सरळ मार्ग आहेत. पणजीत आल्तिनोच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य डिप्लोमा होतो. पदवीसाठी फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, फातोर्ड्याचे डॉन बॉस्को, कुंकळ्ळीची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था असे पर्याय आहेत. ज्या मुलीला साइटचीच ओढ आहे, तिने डिप्लोमाचा मार्ग कमी प्रतीचा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वेक्षण, ड्रॉइंग आणि अंदाजपत्रक या तिन्ही गोष्टी तेथे लहान वयात हाताखालून जातात, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात नेमके त्याच कामी येतात.

खर्चाचा प्रश्न असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. तांत्रिक डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश घेतलेल्या मुलींना ती वर्षाला 50,000 रुपये देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते आणि एका कुटुंबातील दोन मुलींना तिचा लाभ घेता येतो.

घरातून ‘मुलीला उन्हातान्हात कशाला’ असा सूर निघतो, तेव्हा उदाहरणे हाताशी असलेली बरी. शकुंतला भगत यांनी 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे पूल उभारणीची स्वतःची पद्धत विकसित केली, पी. के. थ्रेसिया या 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मुख्य अभियंता झाल्या.

मे महिन्याचे प्रशिक्षण

उन्हाळी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कुणीही देते. त्या महिन्यात प्रत्यक्ष काय पाहिले हे महत्त्वाचे. गोव्यात मे महिन्याला तोड नाही, कारण जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पाऊस लागतो आणि त्याआधी पाया जमिनीच्या वर काढण्यासाठी, छपरे पुरी करण्यासाठी प्रत्येक ठेकेदाराची धांदल चाललेली असते. मोठ्या कंपनीच्या प्रकल्पावर विद्यार्थिनीला बहुधा फेरफटका मारून आणतात. त्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील एखाद्या साध्या घराच्या बांधकामावर फूटिंगपासून (पायाच्या तळापासून) प्लिंथपर्यंतचे (जोत्यापर्यंतचे) काम रोज पाहण्याची परवानगी मिळवावी. चिऱ्याची भिंत कशी रचतात, बसवण्यापूर्वी चिरा पाण्याने का भिजवतात, एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर का येऊ देत नाहीत, हे अनुभवी गवंडी जितके नीट दाखवतो तितके पुस्तक दाखवत नाही.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न

मुलाखत ही दोन्ही बाजूंनी असते, याचा नवोदितांना विसर पडतो. नेमणूक कोणत्या साइटवर आहे, वरिष्ठ कोण असेल आणि पहिल्या सहा महिन्यांत हाती कोणते काम दिले जाईल, हे नावानिशी विचारावे. ‘आधी ऑफिसात शिका, मग साइटवर पाठवू’ असे उत्तर आले तर ‘मग’ म्हणजे कोणता महिना, हे सौम्यपणे पण नक्की करून घ्यावे, आणि शक्य तर ते पत्रात लिहून मागावे.

यानंतर स्वच्छतागृहाचा प्रश्न. तो विचारताना अनेकींना संकोच वाटतो. तरीही तो पगाराच्या आधी विचारावा. दाराला कडी, पाण्याची सोय आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा असलेले स्त्रियांसाठीचे स्वतंत्र स्वच्छतागृह साइटवर नसेल, तर मुली सकाळपासून पाणी पिणेच टाळतात, आणि एप्रिलच्या उन्हात दिवसभर पाणी न पिता उभे राहिल्याचे परिणाम मूत्रमार्गाच्या संसर्गापासून भोवळ येऊन पडण्यापर्यंत जातात. ज्या मालकाला ही सोय करण्यात अडचण वाटते, त्याच्या मचाणाच्या बांधणीवरही माझा फारसा विश्वास बसणार नाही.

स्लॅबचे काम अनेकदा रात्रीपर्यंत लांबते, तेव्हा परत घरी सोडण्याची गाडी कोण देणार हेही ठरवून घ्यावे. पेडण्याच्या किंवा सांग्याच्या आतल्या भागातून रात्री आठनंतर बस मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, 2020 नुसार संध्याकाळी सातनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. त्यामुळे गाडी मागणे ही कुणाकडे केलेली विनवणी ठरत नाही.

अंगावरचे साहित्य

कंपनीकडून मिळणारे बूट बहुधा पुरुषांच्या मापाचे असतात. सैल बुटांनी शिडी चढणे धोक्याचे असते, म्हणून पुढे पोलादी टोपी असलेले आपल्या मापाचे बूट स्वतः विकत घ्यावेत आणि त्याचे पैसे मागावेत. हेल्मेटला मागे फिरवून घट्ट करण्याची कळ आहे ना, हे पाहून घ्यावे. हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) वापरायचा असेल तर मांड्यांचे आणि छातीचे पट्टे आपल्या अंगावर बसतात का, हे जमिनीवरच तपासावे. ओढणी, मोकळे केस आणि लांब बाह्या मिक्सर व सळई कापण्याच्या यंत्राजवळ नकोत. खिशात पाच मीटरची टेप, खडू, मार्कर आणि छोटी वही कायम असावी.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे ड्रॉइंग. आर्किटेक्टचे आणि स्ट्रक्चरल सल्लागाराचे ड्रॉइंग शेजारी ठेवून दोन्हींत मेळ आहे का हे पाहावे, आणि हातातील प्रत शेवटच्या दुरुस्तीनंतरची आहे याची तारखेवरून खात्री करावी. दुसरी म्हणजे साइटवरची बेंचमार्क, म्हणजे पातळी मोजण्याची पक्की संदर्भखूण. ती कुठे आहे, कुणी दिली आणि तिची पातळी किती, हे माहीत असल्याशिवाय ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याचे यंत्र) लावण्यात अर्थ नाही. तिसरी म्हणजे साधी हत्यारे. टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजण्याचे यंत्र) चालवता येणारी मुलगी गवंड्याला ठाऊक असते. पण दोरी, ओळंबा, पाणसळ आणि पाण्याची नळी घेऊन जी त्याच्या शेजारी उभी राहते, तीन-चार-पाच मापाच्या बाजूंच्या त्रिकोणाने कोपऱ्याचा काटकोन तपासते आणि चूक निघाली तर आवाज न चढवता बोट ठेवून दाखवते, तिचे म्हणणे तो दुसऱ्या दिवसापासून ऐकू लागतो.

सळईचा हिशेब तोंडपाठ असावा. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले 162 म्हणजे एका मीटरचे किलोग्रॅममधील वजन. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.67 किलो भरते, 16 मिलिमीटरची सुमारे 19 किलो. ट्रक आल्यावर सळया मोजून वजनकाट्याच्या पावतीशी हा हिशेब जुळवला, तर साइटवर येणाऱ्या मालाकडे कुणाचे लक्ष आहे हे सगळ्यांना कळते.

स्लॅबचा दिवस

नवोदित अभियंत्याची खरी परीक्षा स्लॅबच्या दिवशी होते, आणि नेमक्या त्याच दिवशी ‘मॅडम, तुम्ही सावलीत बसा, आम्ही बघतो’ असे मुकादम आदराने म्हणतो. त्यामागे वाईट हेतू असेलच असे नाही. तरीही त्या दिवशी वरच उभे राहावे.

तयारी आदल्या दिवशी होते. सेंट्रिंगचे (ओले काँक्रीट तोलून धरणाऱ्या साच्याचे) टेकू ओळंब्यात आहेत का आणि त्यांच्या खाली फळी आहे का, हे खालून चालत पाहावे. भरावाच्या मऊ मातीवर नुसता टेकू उभा केला तर ओल्या काँक्रीटच्या वजनाने तो खचतो. मग वर जाऊन सळईचे अंतर टेपने मोजावे, चेअर (वरच्या सळया उचलून धरणारे आधार) व कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) मोजून पाहावेत, लॅप (सळयांचे जोड) एकाच रेषेत आलेले नाहीत ना हे तपासावे, आणि वीज व प्लंबिंगच्या नळ्यांनी सळया बाजूला सारल्या असतील तर त्या जागी आणून घ्याव्यात. सगळे मनासारखे झाल्यावर तपासणीच्या कागदावर सही करावी, आधी नाही.

कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराच्या जाडीचा, आग्रह गोव्यात तरी कुणी जाचक मानू नये. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 : 2000 या भारतीय मानक संहितेत किनारपट्टीच्या हवेला उघड्या राहणाऱ्या काँक्रीटचा समावेश ‘तीव्र’ परिस्थितीत केला आहे आणि त्यासाठी काँक्रीटच्या ताकदीचा किमान एम-30 दर्जा व 45 मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. खारी हवा काँक्रीटमधून आत शिरून सळईला गंज चढवते, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडून काढते. समुद्राजवळच्या कितीतरी जुन्या बाल्कन्यांखाली सुटलेली खपली हे दाखवते. मांडवीवरचा 1970 मध्ये खुला झालेला पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, त्यामागेही आतल्या पोलादी केबलना लागलेला गंज होता.

आता मिक्सरचा ट्रक आला असे धरू. चलनावरची माल भरल्याची वेळ, काँक्रीटचा दर्जा आणि परिमाण वाचून घ्यावे. तयार काँक्रीटसाठीच्या आयएस 4926 नुसार माल भरल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट ट्रकमधून उतरवावे लागते. मांडवीवरच्या अटल सेतूच्या तोंडाशी किंवा पर्वरीच्या वळणावर ट्रक अडकला की हा हिशेब बिघडतो, म्हणून काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटच्या माणसाचा फोन नंबर आपल्याकडे असावा. मग स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती घट्ट वा पातळ आहे याची चाचणी. 300 मिलिमीटर उंचीचा शंकू सपाट, ओलसर पत्र्यावर ठेवून थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईने 25 ठोके द्यायचे, वरचा माल सपाट करून शंकू सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसले ते मोजायचे. मिक्स डिझाइनमध्ये ठरवल्यापेक्षा ते घट्ट निघाले की पंपावरचा माणूस पाण्याचा पाइप उचलतो. येथे ठामपणे नको म्हणावे. पाणी घातल्याने काँक्रीट सहज वाहते हे खरे, पण त्याची ताकद तेथेच घटते. प्लांटच्या गुणवत्ता निरीक्षकाला बोलावून ठरलेल्या प्रमाणात रासायनिक मिश्रण घालून घेणे हाच योग्य मार्ग आहे. वाद वाढला तर ट्रक बाजूला उभा करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे वरिष्ठांकडून आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी फोन शोधावा लागत नाही.

क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरण्याचे काम मुलांवर सोडू नये. आयएस 456 प्रमाणे एका नमुन्याचे तीन क्यूब. 31 ते 50 घनमीटरच्या कामाला किमान चार नमुने, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी बारा क्यूब. सात दिवसांच्या चाचणीचे क्यूब त्याखेरीज. प्रत्येकावर तारीख, जागा आणि ट्रकचा क्रमांक लिहावा. क्यूब वेगळ्या, ‘चांगल्या’ मालातून भरण्याची खोड काही साइटवर असते. क्यूब आपल्या डोळ्यांदेखत भरून घेतल्याशिवाय ती थांबत नाही.

भरणे संपल्यावर दोन तारखा वहीत नोंदवाव्यात. एक पाणी मारण्याची : साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा. दुसरी टेकू काढण्याची : संहितेनुसार 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. तुळयांचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवसांनी. सेंट्रिंगचे साहित्य दुसऱ्या साइटवर हवे असते म्हणून घाई होते. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणमध्ये बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळून मजूर गाडले गेले, हे गोव्यात काम करणाऱ्या कुठल्याही अभियंत्याला ठाऊक असले पाहिजे.

वही आणि सही

रोजची नोंदवही हे साइटवरच्या मुलीचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. हवामान, मजुरांची संख्या, आलेला माल, झालेले काम, कुणी तोंडी काय सांगितले आणि आपण काय उत्तर दिले, एवढे रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी लिहावे. तोंडी सूचनेचा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत पुन्हा उल्लेख करावा : ‘आपण सांगितल्याप्रमाणे सी-4 कॉलमच्या रिंगांमधील अंतर 150 वरून 100 मिलिमीटरवर घेत आहोत.’ असा संदेश पाठवला की अर्ध्या तोंडी सूचना आपोआप बंद होतात. जे मोजमाप स्वतः घेतले नाही त्याखाली सही करू नये. सरकारी कामात मोजमाप पुस्तिकेवरची सही वर्षानुवर्षे मागे येते.

माणसांशी वागताना

गोव्याच्या साइटवर कन्नड, ओडिया, बंगाली, भोजपुरी या सगळ्या भाषा ऐकू येतात आणि व्यवहार बहुधा साइटच्या हिंदीत चालतो. स्थानिक मेस्त आणि गवंडी कोकणीत बोलतात. मराठी घरातल्या मुलीला कोकणी समजतेच, ती बोलण्याचा संकोच मात्र सोडावा. वयाने मोठ्या मिस्त्रीला ‘तुम्ही’ म्हणून काही बिघडत नाही. उलट काम नाकारताना त्याचा उपयोग होतो. मजुरांसमोर मुकादमाचा अपमान करू नये. चूक असेल तर त्याला बाजूला घेऊन ड्रॉइंग उघडावे, आणि दुरुस्ती त्याच्याच तोंडून मजुरांना सांगू द्यावी.

घमेली वाहणाऱ्या बायका या साइटवरच्या सर्वाधिक दुर्लक्षित कामगार असतात. त्यांच्या मुलांना सावलीची जागा, त्यांना स्वच्छतागृह, हातमोजे आणि पुरुषांइतक्याच कामाला तितकीच मजुरी मिळते का, हे हजेरीपट पाहताना लक्षात येते. ते पाहणारी अभियंता असेल तर फरक पडतो.

त्रास झाल्यास

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा साइटलाही लागू आहे, आणि रोजंदारीवरच्या व कंत्राटी स्त्रियांनाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. त्याहून लहान ठिकाणी किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी व्हावी लागते. समितीवर कोण आहे हे रुजू होतानाच विचारून ठेवावे. टोमणे, मध्यरात्रीचे संदेश, कामाच्या नावाखाली एकटीला बोलावणे, यांची तारीखवार नोंद आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

पावसाळ्यातील काम

जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावरचे काम मंदावते, आणि बिलिंग शिकायला हाच काळ उत्तम असतो. आता बिलातला प्रत्येक आकडा आपण उन्हाळ्यात मोजलेल्या भिंतीशी जुळवता येतो. सोबत गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून गळती कुठे आहे ते पाहावे, बाहेरच्या भिंतींना ओल कुठून येते ते शोधावे. पहिल्या जोरदार सरीत इमारतीभोवती एकदा छत्री घेऊन फिरून यावे. पाणी कुठे साचते हे ड्रॉइंगवरून कळत नाही. खणलेल्या चराजवळ मात्र या दिवसांत विशेष जपावे. दीड मीटरहून खोल चराला आधार दिल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नये, मग घाई कितीही असो.

दोन वर्षांनंतर

येथून वाटा फुटतात. सार्वजनिक बांधकाम खाते, जलस्रोत खाते यांतील कनिष्ठ अभियंत्याच्या जागांसाठी गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून वेळेत काढावा. जाहिरात निघाल्यावर तेथे रांग लागते. बहुतेक पदांना कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते, तेव्हा कोकणी लिहिण्या-वाचण्याचा सराव ठेवावा. ज्यांना स्वतःचा व्यवसाय करायचा आहे त्यांनी नगर नियोजन खात्याकडील अभियंता नोंदणीच्या अटी आताच वाचून घ्याव्यात, आणि नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर नुसते ‘साइट इंजिनिअर’ असे न लिहवून घेता कोणत्या इमारतीचे, किती मजल्यांचे आणि कोणत्या टप्प्यांचे काम स्वतः पाहिले, हे तपशिलासह लिहवून घ्यावे. कंपनीच्या शिक्क्यासह त्याच्या दोन मूळ प्रती मागाव्यात; एक पुढच्या नोकरीच्या फाइलमध्ये जाते आणि दुसरी घरी राहते.